तेलशुद्धीकरण कारखान्यातील वीज-देखभाल पथक आणि त्याचे नेतृत्व

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील चेंबूर-माहुलच्या पट्ट्याला देशाच्या तेल-उद्योगाच्या इतिहासात महत्त्वाचे स्थान आहे. आसामातील दिग्बोई येथे १९०१ सालापासून तेलाचे शुद्धीकरण होत असले, तरी स्वातंत्र्योत्तर काळातील आधुनिक शुद्धीकरणाचा प्रारंभ माहुल येथे झाला. १९५४ साली स्टॅनव्हॅक कंपनीचा, म्हणजे पुढे एसो या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीचा आणि १९५५ साली बर्मा-शेल कंपनीचा कारखाना येथे सुरू झाला. १९७४ ते १९७७ या काळात हे दोन्ही कारखाने सार्वजनिक क्षेत्रात आले. आज ते हिंदुस्तान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या नावांनी परिचित आहेत. त्यांचे उंच मनोरे, प्रचंड टाक्या व रात्री दूरवरून दिसणारी ज्वाला यांची मुंबईकरांना सवय झाली आहे. हा सारा पसारा ज्या विजेवर चालतो ती वीज अखंड व सुरक्षित ठेवणारी माणसे मात्र बाहेरच्या जगाला सहसा दिसत नाहीत.

अशा कोणत्याही कारखान्यातील वीज-देखभाल पथकाचे काम केवळ तांत्रिक स्वरूपाचे नाही. ते माणसांच्या प्राणांशी जोडलेले आहे. म्हणून या पथकाचे नेतृत्व कसे केले जाते, त्यात कोणते निर्णय घ्यावे लागतात व ते का घ्यावे लागतात, हे कारखान्याबाहेरच्या व्यक्तींनीही समजून घेण्यासारखे आहे. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा योजनेची मोटार आणि शुद्धीकरण कारखान्यातील मोटार यांच्या आकारात फरक असेल, पण दोन्हींची जात एकच आहे. दोन्हींजवळ काम करणाऱ्याला असलेला धोकाही एकाच जातीचा आहे.

विजेवर काय काय चालते?

कच्चे तेल भट्टीत सुमारे ३५० ते ३७० अंश सेल्सियसपर्यंत तापवून ऊर्ध्वपातन मनोऱ्यात सोडले जाते. तेथे ते पेट्रोल, रॉकेल, डिझेल इत्यादी भागांत वेगळे होते. तेल भट्टीकडे ढकलणारे पंप, वरून येणारी वाफ थंड करणारे पंखे, वायू दाबणारे संपीडक आणि भट्टीला हवा पुरविणारे भाते यांपैकी बहुतेक यंत्रे विजेच्या मोटारींवर चालतात. लहान मोटारींना ४१५ व्होल्टचा, तर मोठ्यांना ३.३, ६.६ किंवा ११ हजार व्होल्टचा पुरवठा असतो. मोटारींची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते, मोठ्या कारखान्यात ती हजाराच्याही पुढे जाते. काही महत्त्वाच्या पंपांना राखीव जोडीदार म्हणून वाफेवर चालणारे पंप दिलेले असतात, कारण केवळ विजेवर विसंबणे धोक्याचे ठरते.

घरातील वीज गेली तर दिवे मालवतात आणि परत आली की लागतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला, तेव्हा लोकल गाड्या थांबल्या व नागरिकांनी कित्येक तास वाट पाहिली. शुद्धीकरण कारखान्याला अशी वाट पाहता येत नाही. तेल ढकलणारा पंप थांबला की भट्टीच्या नळ्यांतील तेल जागच्या जागी तापत राहते. त्याचा कोळसा होऊन नळ्या चोंदतात आणि प्रसंगी फुटतात. म्हणून भट्टी तत्काळ विझवावी लागते. शीतकरण थांबल्याने मनोऱ्यातील दाब वाढतो व सुरक्षा-झडपा उघडून वायू ज्वाला-मनोऱ्याकडे जातो. आसपासच्या वस्त्यांना कधी कधी एकाएकी मोठी झालेली जी ज्वाला दिसते, तिचे एक कारण हे असते. ज्वाला मोठी होणे म्हणजे सुरक्षा-व्यवस्थेने आपले काम केल्याची खूण असते. पण एवढ्याने नागरिकांची चिंता मिटावी, असे म्हणणे बरोबर होणार नाही.

वीज पूर्ण जाण्याचीही आवश्यकता नसते. दूरच्या एखाद्या वाहिनीवर दोष निर्माण होऊन दाब सेकंदाच्या काही दशांशापुरता निम्म्यावर आला, तरी मोटारींना वीज जोडून ठेवणारे विद्युतचुंबकीय संपर्कक सुटतात आणि अनेक मोटारी एकाच वेळी थांबतात. त्या सर्व पुन्हा एकदम सुरू करणेही शक्य नसते. सुरू होताना मोटार नेहमीच्या सुमारे सहापट प्रवाह ओढते व त्यामुळे दाब पुन्हा कोसळतो. म्हणून कोणत्या मोटारी आधी व कोणत्या नंतर सुरू व्हाव्यात, याचा क्रम आगाऊ ठरवून ठेवलेला असतो. हा क्रम कागदावर अभियंता ठरवितो. परंतु त्यातील प्रत्येक कालमापक रिले खरोखर ठरल्याप्रमाणे चालतो की नाही, हे तपासणे देखभाल पथकाच्या हाती असते. ही तपासणी कंटाळवाणी असते, तिचे फळ वर्षानुवर्षे दिसत नाही. पथकप्रमुखाची पहिली परीक्षा अशा कामांतच होते.

ठिणगीला मज्जाव

सामान्य कारखान्यात विजेची ठिणगी ही किरकोळ बाब मानली जाते. तेलशुद्धीकरण कारखान्यात ती स्फोटाचे कारण होऊ शकते. म्हणून कारखान्याच्या क्षेत्राचे धोक्याच्या प्रमाणानुसार विभाग पाडले जातात. जेथे ज्वालाग्राही वायू सतत किंवा दीर्घकाळ असतो ते क्षेत्र शून्य, नेहमीच्या कामकाजात तो येण्याचा संभव असतो ते क्षेत्र एक, आणि केवळ बिघाडाच्या वेळी अल्पकाळ येऊ शकतो ते क्षेत्र दोन. क्षेत्रानुसार कोणती विद्युत साधने वापरावयाची, हे ठरलेले असते. पेट्रोलियम नियम २००२ नुसार अशा साधनांना पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेची मान्यता लागते आणि या संघटनेचे मुख्यालय महाराष्ट्रात, नागपूर येथे आहे.

या साधनांपैकी ज्वालारोधक पेटीचे तत्त्व शिक्षकांनी वर्गात सांगण्यासारखे आहे. अशा पेटीत वायू शिरूच शकत नाही, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. वायू आत शिरू शकतो, आतील ठिणगीने त्याचा स्फोटही होऊ शकतो, हे गृहीत धरूनच पेटी बनविलेली असते. तिच्या भिंती तो स्फोट सहन करतात. झाकण व पेटी यांच्यामधील रुंद पण अत्यंत अरुंद फटीचा पट्टा पार करताना तप्त वायू इतका थंड होतो, की बाहेरचा वायू पेट घेत नाही. हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ साली कोळशाच्या खाणींसाठी जो सुरक्षा-दिवा तयार केला, त्यातील तारेची जाळी ज्योतीला थंड करून बाहेर जाऊ देत नसे. त्याच विचाराचे हे आधुनिक रूप होय.

यातून देखभाल पथकासाठी एक कठोर नियम निघतो. बारा बोल्टांच्या झाकणाला अकरा बोल्ट बसविले तर सामान्य पेटीचे फारसे बिघडणार नाही. ज्वालारोधक पेटी मात्र त्या क्षणापासून ज्वालारोधक राहत नाही. झाकणाच्या घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर छिन्नीचा ओरखडा पडला, तेथे रंगाचा थर बसला, किंवा तारेच्या प्रवेशद्वाराशी चुकीच्या मापाची ग्रंथी बसविली, तरी परिणाम तोच. बाहेरून पाहणाऱ्यास पेटी जशीच्या तशी दिसते. हाताखालच्या कारागिराला केवळ 'सर्व बोल्ट बसव' असा हुकूम देणारा पर्यवेक्षक आणि एखादी जुनी पेटी उघडून त्या अरुंद फटीचे काम दाखविणारा पर्यवेक्षक यांच्यात म्हणूनच मोठा फरक पडतो. मध्यरात्री पावसात एक बोल्ट हातातून निसटून खाली नाल्यात पडला, तर पहिल्या पर्यवेक्षकाचा माणूस तो सोडून देण्याचा संभव असतो. दुसऱ्याचा माणूस भांडारातून नवा बोल्ट आणतो.

वायूंच्या प्रकारांचेही भान ठेवावे लागते. डिझेलमधील गंधक काढण्यासाठी हायड्रोजन वापरला जातो. तो अतिशय क्षीण ठिणगीनेही पेटतो. परंतु केवळ तप्त पृष्ठभागामुळे पेट घेण्यास त्याला पेट्रोलच्या वाफेपेक्षा पुष्कळ अधिक तापमान लागते. म्हणजे एका जागी चालणारी पेटी दुसऱ्या जागी चालेलच असे नाही. भांडारात असलेली, दिसायला सारखी पेटी घाईत बसविणे हा म्हणूनच अपराध मानला जातो.

कुलूप, पाटी आणि परवाना

शुद्धीकरण कारखान्यातील प्रत्येक महत्त्वाच्या पंपाची जोडी असते. एक चालू, एक राखीव. दोन्ही शेजारीशेजारी उभे असतात व एकमेकांसारखे दिसतात. त्यांच्या मोटारींना वीज देणारे स्विच मात्र दूरच्या उपकेंद्रात, तशाच एकसारख्या दिसणाऱ्या कपाटांच्या रांगेत असतात. समजा, 'ब' पंपाची मोटार दुरुस्त करावयाची आहे आणि उपकेंद्रात गेलेल्या माणसाने नजरचुकीने 'अ'चा स्विच उघडला. चालू पंप थांबून उत्पादन विस्कळीत होईल, ही हानी झाली. पण तिकडे मोटारीजवळ बसलेल्या कारागिराच्या समोरची वाहिनी जिवंत आहे, ही गोष्ट त्याहून फार गंभीर आहे. या एका शक्यतेभोवती सुरक्षिततेची सारी पद्धत उभारलेली आहे.

तिचे टप्पे थोडक्यात असे. उत्पादन विभाग लेखी काम-परवाना देतो. वीज विभागाचा अधिकृत माणूस स्विच उघडून तो बाहेर ओढून घेतो, त्यावर कुलूप लावतो व धोक्याची पाटी अडकवितो. मग मोटारीजवळील बटण दाबून ती सुरू होत नाही, याची खात्री केली जाते. अननुभवी माणसाला एवढ्याने समाधान वाटते. पण ती खात्री अपुरी असते, कारण केवळ नियंत्रण-परिपथाची वीज गेलेली असली तरी मोटार सुरू होत नाही. म्हणून मोटारीच्या टोकांवर वीज नाही हे मापकाने पाहावे लागते, आणि मापकच बिघडलेला नाही ना, हे आधी व नंतर ज्ञात जिवंत टोकावर तपासावे लागते. धारित्रांत व लांब केबलमध्ये वीज बंद केल्यावरही प्रभार राहतो; तो जमिनीत सोडून दिल्याशिवाय हात लावता येत नाही. यानंतर उच्च दाबाच्या ठिकाणी टोके भूमीशी जोडली जातात आणि मगच काम सुरू होते.

एक बारीक गोष्ट नवख्याला सहसा ठाऊक नसते. मोठ्या मोटारीत ओल साठू नये म्हणून आत एक लहान तापक बसविलेला असतो. मोटार थांबली की तो सुरू होतो. त्याचा पुरवठा बहुधा वेगळ्या ठिकाणाहून येतो. मुख्य स्विचवर कुलूप घातले, पाटी लावली, मापकाने मुख्य टोके तपासली, तरी शेजारच्या लहान पेटीतील दोन तारांत २३० किंवा २४० व्होल्ट असू शकतात. ज्या पथकप्रमुखाने आपल्या परवान्याच्या नमुन्यात 'तापकाचा पुरवठा बंद' अशी स्वतंत्र ओळ छापून घेतली, त्याने केवळ एका ओळीने पुष्कळ काम साधले असे म्हणावे लागेल.

कुलपाबाबतचा दंडक असा, की जो काम करतो त्याचे स्वतःचे कुलूप आणि किल्ली त्याच्याच खिशात. चौघे काम करीत असतील तर चार कुलपे. शेवटचे कुलूप निघेपर्यंत स्विच चालू होत नाही. कधी पाळी संपल्यावर एखादा कारागीर कुलूप काढायचे विसरून घरी जातो. पंप तयार आहे, उत्पादन विभाग घाई करतो आहे, आणि कुलूप तोडायला दोन मिनिटे पुरतात. अशा वेळी त्या माणसाचा शोध घेऊन, तो यंत्राजवळ नाही हे त्याच्याच तोंडून ऐकून आणि जागेची पाहणी करून लेखी नोंदीनंतरच कुलूप काढावयाचे असते. 'तो घरीच गेला असेल' हा तर्क बहुतेक वेळा बरोबर निघतो. ज्या वेळी तो चूक निघतो, त्या वेळेसाठी हा नियम आहे.

येथे ग्रामीण भागाचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. नळपाणी योजनेच्या विहिरीत एखादा माणूस पंप काढायला उतरलेला असतो, वरच्या खोलीत स्टार्टरची पेटी उघडी असते, आणि पाण्याची वेळ झाली म्हणून तिसराच कोणी येऊन बटण दाबतो. त्यास अडविण्यासाठी अवजड यंत्रणा लागत नाही. एक कुलूप, त्याची एकच किल्ली व ती उतरणाऱ्याच्या कनवटीला एवढे पुरते. ही खरेदी पंचायतीच्या आवाक्याबाहेरची खासच नाही.

पथकाची घडण

पथकात सामान्यतः अभियंता, पर्यवेक्षक, वीजतंत्री, मदतनीस आणि चोवीस तासांच्या तीन पाळ्यांत विभागलेले पाळी-कर्मचारी असतात. बहुतेक वीजतंत्री औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून आणि शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ अन्वये उमेदवारी करून आलेले असतात. विजेचे काम करण्यासाठी व त्यावर देखरेख ठेवण्यासाठी राज्य शासनाच्या अनुज्ञापक मंडळाची प्रमाणपत्रे लागतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांनुसार कोणत्या व्यक्तीने कोणते काम करावयाचे, हे लेखी नेमून द्यावे लागते. तेल-उद्योगासाठी १९८६ साली स्थापन झालेल्या तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाची मानके त्याहून वेगळी. त्यांतील १०५ क्रमांकाचे मानक काम-परवान्याविषयी आहे.

कागदोपत्री पात्रता समान असलेली दोन माणसे प्रत्यक्षात समान नसतात. एकाचा हात केबलच्या जोडकामात बसलेला असतो, दुसऱ्याला रिलेचे गणित समजते, तिसरा उंचीवर निर्धास्तपणे काम करतो पण नोंदवही लिहिताना टाळाटाळ करतो. सकाळच्या कामवाटपाच्या वेळी पथकप्रमुखाने हे ओळखून माणसे नेमावी, ही अपेक्षा असते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे त्या दिवशी कोण कसा आहे, हे पाहणे. घरी आजारपण असलेला, सलग दोन पाळ्या केलेला, किंवा आदल्या दिवशी वरिष्ठांशी खटका उडालेला माणूस उच्च दाबाच्या कपाटासमोर उभा करणे योग्य नव्हे. त्याला त्या दिवशी भांडारातील सुट्या भागांची मोजणी द्यावी, आणि ती शिक्षा नाही हे त्याला कळेल अशा रीतीने द्यावी. हे कौशल्य कोणत्याही पदविकेत शिकविले जात नाही.

नवा उमेदवार आणि मुरलेला कारागीर यांची जोडी लावण्याची प्रथा चांगली आहे. मात्र तिच्यात एक दोष दडलेला असतो. मुरलेला कारागीर आपले कसब शिकवितो, तशा आपल्या पळवाटाही शिकवितो. मापक न वापरता बोटाच्या उलट्या बाजूने तार चाचपणे ही अशीच एक जुनी पळवाट. म्हणून प्रमुखाने अधूनमधून कामाच्या जागी जाऊन, मागे उभे राहून मुकाट्याने पाहिले पाहिजे. खुर्चीत बसून परवान्यांवर सह्या करणाऱ्या प्रमुखाला आपल्या पथकात काय चालते याची खरी माहिती नसते.

नकार देण्याची वेळ

देखभाल आणि उत्पादन यांच्यातील ओढाताण नवी नाही. एखादी मोठी मोटार चालता चालता बंद पडते. संरक्षक रिलेने भूमीकडे प्रवाह गळत असल्याचे दाखविलेले असते. उत्पादन प्रमुखाचा दूरध्वनी येतो: रिले पूर्ववत करा आणि पुन्हा चालू करून पाहा, कदाचित चुकून पडली असेल. मागणी स्वाभाविक असते, कारण प्रत्येक तासाचा तोटा त्याला दिसत असतो. परंतु वेटोळ्याचे निरोधन खरोखर फाटलेले असेल, तर पुन्हा दिलेल्या विजेने जोडपेटीतच प्रचंड चाप निर्माण होऊ शकतो. अशा चापाचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाहूनही अधिक होऊ शकते, आणि समोर उभा असलेला माणूस तारेला न शिवताही होरपळतो. निरोधनाची मेगरने चाचणी घेण्यास दहा-पंधरा मिनिटे लागतात. ती मिनिटे मिळविणे हे त्या क्षणी नेतृत्वाचे सारे काम असते.

केवळ 'नियमात बसत नाही' असे म्हणून ती मिळत नाहीत. अनुभवी प्रमुख उत्पादन विभागाला तीन गोष्टी सांगतो: आतापर्यंत काय कळले आहे, काय कळावयाचे आहे, आणि पुढची माहिती किती वाजता मिळेल. वेळ सांगितली की ती पाळतो. त्या वेळी सांगण्यासारखे काही नसले तरी तेवढेच कळवितो. राखीव पंपाची मोटार मागील आठवड्यात तपासलेली असेल, तर नकाराबरोबर पर्यायही देता येतो. ज्याने राखीव मोटारींकडे दुर्लक्ष केले, त्याला नकार देणे जड जाते. मोठी मोटार किती वेळा सुरू करावी यालाही मर्यादा असते. थंड असताना लागोपाठ दोनदा आणि गरम असताना एकदाच, अशी मुभा उत्पादक साधारणपणे देतात. ही माहिती नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्यांना बिघाड नसताना, शांततेच्या दिवसांत समजावून दिलेली असली, तर बिघाडाच्या दिवशी वाद कमी होतात.

नकाराचा हा अधिकार केवळ प्रमुखापुरता ठेवून चालत नाही. पथकातील सर्वांत धाकट्या मदतनिसालाही 'मला हे ठीक दिसत नाही' असे म्हणून काम थांबविता आले पाहिजे. असे थांबविलेले काम कधी कधी निष्कारण थांबलेले ठरते. त्या वेळी प्रमुख त्याच्याशी कसा वागला, यावर पुढच्या खेपेस तो बोलेल की गप्प बसेल हे अवलंबून असते. चूक कबूल करणाऱ्याच्या बाबतीतही तसेच. चुकीच्या कपाटाला हात घातला, पण वेळीच लक्षात आले, असे आपण होऊन सांगणाऱ्या माणसाला नोटीस मिळाली, तर त्या पथकात पुन्हा कोणी असे सांगत नाही. मग प्रमुखाला चुका अपघात झाल्यावरच समजतात. अर्थात नजरचूक आणि जाणूनबुजून कुलूप टाळणे यांत भेद केलाच पाहिजे. दुसऱ्याला क्षमा नाही.

पावसाळ्यापूर्वी

माहुलसारख्या समुद्रालगतच्या जागी दमट, खारी हवा हा मोटारींचा कायमचा शत्रू आहे. मे महिन्यात सर्व जोडपेट्यांची बूच-पट्टी, केबलच्या ग्रंथी व तापक तपासले जातात. निरोधनाचे आकडे दरवर्षी लिहून ठेवले जातात, पण एकटा आकडा फारसे सांगत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की निरोधनाचा रोध सुमारे निम्मा होतो. दुपारच्या तप्त मोटारीचा आकडा आणि पहाटेच्या थंड मोटारीचा आकडा यांची सरळ तुलना करणे म्हणूनच चुकीचे होय. तापमानाची नोंद नसलेला आकडा परत करणारा पर्यवेक्षक कारागिरांना सुरुवातीला चिकित्सक वाटतो.

मोठी बंदी

दर काही वर्षांनी एकेक संयंत्र पूर्ण थांबवून आतून तपासले जाते. त्या आठवड्यांत कारखान्यात कंत्राटी कामगारांची संख्या एकदम वाढते. बिहार, ओडिशा, तमिळनाडू, उत्तर प्रदेश अशा अनेक प्रांतांची माणसे एकाच मनोऱ्यावर काम करतात. धातूच्या बंद पात्रात उतरणाऱ्याला २४ व्होल्टचाच दिवा दिला जातो, आणि तात्पुरत्या जोडण्यांवर ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारे साधन बसविले जाते. हा आकडा किती लहान आहे हे सांगावयाचे तर, घरातील साठ वॅटचा जुना दिवा सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या जवळपास नवव्या हिश्श्याएवढा प्रवाहही छातीतून गेल्यास माणसाच्या जिवाशी खेळ होऊ शकतो.

या काळात पथकाचे जुने वीजतंत्री स्वतः कमी काम करतात आणि इतरांच्या कामावर नजर ठेवतात. सूचना हिंदीत दिल्या म्हणजे त्या समजल्या, असे धरून चालत नाही. 'समजले का?' या प्रश्नाला सर्वत्र एकच उत्तर मिळते. त्याऐवजी 'आता तू काय करणार, ते सांग' असे विचारण्याची रीत अधिक उपयोगी पडते. कंत्राटी कामगाराला कुलूप नाकारून त्याच्या वतीने मुकादमाचे एकच कुलूप लावणे, ही काही ठिकाणी दिसणारी सवय मात्र निषेधार्ह आहे. रोजंदारीवरच्या माणसाच्या जिवाची किल्ली त्याच्याच खिशात असली पाहिजे.

पाळीची नोंदवही

६ जुलै १९८८ रोजी स्कॉटलंडजवळच्या उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायू मंचावर झालेल्या दुर्घटनेत १६७ माणसे मृत्युमुखी पडली. दिवसाच्या पाळीत एका पंपाची सुरक्षा-झडप तपासणीसाठी काढली गेली होती व उघड्या तोंडावर तात्पुरते झाकण बसविले होते. काम संध्याकाळपर्यंत पुरे झाले नाही. झडप जागेवर नाही, ही माहिती रात्रीच्या पाळीला पोहोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा कर्मचाऱ्यांनी हा पहिला पंप सुरू करण्याचा निर्णय घेतला. पुढे झालेल्या न्यायिक चौकशीचा अहवाल लॉर्ड कलन यांनी १९९० मध्ये सादर केला. त्यात १०६ शिफारशी होत्या, आणि काम-परवाना व पाळी बदलतानाचे हस्तांतरण यांतील उणिवांवर त्यात स्पष्ट बोट ठेवले होते. परवाना अस्तित्वात होता, सही होती, कागदही होता. तो ज्याला वाचणे आवश्यक होते त्याच्या हाती नव्हता.

या घटनेनंतर जगभरच्या तेल-उद्योगात हस्तांतरणाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. वीज-देखभाल पथकात याचा अर्थ असा, की 'सर्व ठीक' या दोन शब्दांची नोंद स्वीकारली जात नाही. कोणत्या मोटारी कुलपाखाली आहेत, कोणते काम अर्धवट आहे आणि नेमके कोठे थांबले आहे, कोणता रिले तात्पुरता निष्क्रिय ठेवला आहे व कोणाच्या परवानगीने, कोणत्या बॅटरीसंचाचा प्रभार उतरलेला आहे, हे एकेक लिहावे लागते. उपकेंद्रातील ब्रेकर आणीबाणीत उघडण्याची शक्ती या बॅटऱ्यांतूनच येते. त्या दुबळ्या असल्या तर दोष ओळखूनही ब्रेकर उघडत नाही. निष्क्रिय ठेवलेल्या रिलेची नोंद सर्वांत अधिक विसरली जाते. म्हणून काही पथकांत तिला लाल शाई असते.

नोंद लिहून झाली की येणारा आणि जाणारा असे दोघे पाळी-प्रमुख उपकेंद्रात एकत्र जातात. कुलपांच्या फळ्यासमोर उभे राहून प्रत्येक कुलपाचा क्रमांक, त्यावरील पाटी आणि परवान्याची प्रत ताडून पाहतात. फळ्यावर सात कुलपे आणि वहीत सहा नोंदी असतील, तर सातव्याचा मालक सापडेपर्यंत जाणारा घरी जात नाही. बस सुटली तरी चालते. ताळा जमला की दोघांच्या सह्या होतात, वेळ लिहिली जाते आणि पुढची पाळी सुरू होते.